टोक एक, वेग अनेक



‘आता टाइप-सी आले, केबलचा गोंधळ संपला’ हे गेल्या अंकातल्या पत्रातले मत मला पटले नाही. टाइप-सी हे केवळ टोकाच्या आकाराचे नाव आहे. आतून डेटा किती वेगाने जाणार, हे ते सांगत नाही.

आयफोन १५ चेच पाहा. २०२३ मध्ये त्याला टाइप-सी आले, पण डेटाचा वेग राहिला यूएसबी २.० चाच, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. हे मानक २००० सालचे! त्याच्याच प्रो मॉडेलची क्षमता १० गिगाबिट. मात्र खोक्यातली केबल तिथेही यूएसबी २.० चीच. वेग हवा तर दुसरी केबल विकत घ्या. लग्नाचे २० जीबी चित्रीकरण संगणकावर घ्यायचे, तर कागदोपत्रीसुद्धा एकीने साडेपाच मिनिटे लागतात, दुसरीने सोळा सेकंद.

जलद चार्जिंग करणारी केबल डेटाही जलद नेते, हा समजही चुकीचा आहे. २४० वॉट वीज पेलणारी केबल डेटाच्या बाबतीत ४८० मेगाबिटवरच अडलेली असू शकते. त्यात भर नावांची: यूएसबी ३.० चेच पुढे ३.१ जेन १ झाले, मग ३.२ जेन १. वेग मात्र तोच, ५ गिगाबिट. ग्राहकाने काय लक्षात ठेवायचे?

उत्पादकांनी वॉट आणि गिगाबिट हे दोन्ही आकडे केबलवरच छापावेत. तोवर वाचकांनी दुकानात हे दोन्ही आकडे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

– एक वाचक, पुणे