परसदारी : कोंबडा अंगावर येतो तेव्हा

परसात कोंबड्या पाळणाऱ्या मैत्रिणींची पत्रे बहुधा अंड्यांविषयी असतात. या खेपेचे एक पत्र निराळे आहे. सांगलीकडच्या एक भगिनी लिहितात :

‘आमच्याकडे नऊ कोंबड्या नि एक कोंबडा आहे. पिल्ले विकून माझा वरखर्च सुटतो. कोंबडा आठ महिन्यांचा. एकटाच जगला म्हणून मुलीने मांडीवर घेऊन वाढवलेला. पण महिनाभरापासून अंगावर येतोय. मी कपडे वाळत घालायला गेले की मागून पोटरीवर झेप. परवा तर मुलीच्या डोळ्याखाली काटा लागला. ती चार वर्षांची आहे. हे म्हणतात, आखाड येतोच आहे, कापू या. सासूबाई म्हणतात, जातिवंत आहे, कोंबडा असाच हवा. मी काय करू?’

ताई, आधी मुलीचे बघा. कोंबड्याच्या पायामागचा काटा खोल रुततो आणि त्याला परसातली घाण लागलेली असते. जखम साबणाच्या पाण्याने धुतली असेल तरी डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना तेही विचारा. डोळा बोटभर अंतराने वाचला आहे. निकाल लागेपर्यंत मुलीला एकटीला परसात सोडू नका. लहान मुलाचे तोंड कोंबड्याच्या झेपेच्या टप्प्यात असते. आपल्या कमरेच्या खालीच त्यांचे डोळे असतात!

आता कोंबड्याचे. तो असा का झाला, याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. पाच-सहा महिन्यांचा झाला, आरवायला लागला, की कोंबडा कळपात आपली जागा ठरवू लागतो. वेगळा वाढलेला कोंबडा माणसाला भीत नाही. तो माणसालाही दुसरा कोंबडाच समजतो. मांडीवरचे लाडके पिल्लू पुढे अंगावर येते ते बरेचदा यामुळे. मुलीचा यात काही दोष नाही, हे तिला जरूर सांगा. ती मनाला लावून घेईल.

राखण करणे वेगळे आणि हल्ला करणे वेगळे, एवढे मात्र ओळखता आले पाहिजे. तुम्ही कोंबडी धरली, ती ओरडली आणि तो धावून आला, तर ते त्याचे कामच आहे. घार दिसताच इशारा देणारा, दाणा सापडला की कुक्‌कुक्‌ करून आधी कोंबड्यांना बोलावणारा कोंबडा चांगला. पण नुसत्या जाणाऱ्या माणसावर मागून झेप घेणारा राखण करीत नसतो. झेपेच्या आधी तो बहुधा एक पंख खाली पाडून तिरका तिरका चालतो, मानेची पिसे फुलवतो. हे दिसले की पाठ फिरवू नका.

ज्यांच्याकडे हे नुकतेच सुरू झाले आहे त्यांनी एवढे करून बघावे. पळू नये. लाथही मारू नये. लाथ म्हणजे त्याच्या लेखी लढाईला होकार. हातात सूप किंवा खराटा आडवा धरून सावकाश त्याच्याच वाटेने चालत जावे आणि त्याला बाजूला व्हायला लावावे. दाणे टाकताना तो वाटेत आडवा आला तर आधी त्याला मागे सरकवावे, मगच सूप रिकामे करावे. घरातल्या सगळ्यांनी एकसारखे वागावे, नाहीतर एकीला भितो नि दुसरीवर धावतो. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला तर ठीक.

तुमच्याकडे ती वेळ टळली आहे, ताई. मुलाच्या तोंडावर झेपलेला कोंबडा मी तरी ठेवणार नाही. दुसऱ्याला पाळायलाही देऊ नका; त्यांच्याही घरी मूल असेल. यजमानांचे ऐका. मुलीला मात्र त्या दिवशी आजोळी पाठवा आणि ते कालवण तिच्या ताटात वाढू नका.

सासूबाईंना काय सांगायचे? त्यांचे ‘जातिवंत’ अगदीच खोटे नाही. भित्रा कोंबडा कळप राखत नाही. पण झुंजीसाठी नावाजलेला असील घ्या. तो दुसऱ्या कोंबड्यावर तुटून पडतो, पण माणसाच्या हातात बहुधा शांत असतो, कारण पिढ्यान्‌पिढ्या हाताळता येणारेच नर निवडले गेले. म्हणजे लढाऊपणा निराळा नि माणसावर धावणे निराळे. आणि खरी गोष्ट व्यवहाराची आहे : नऊ कोंबड्या असल्या तरी सगळ्या पिल्लांचा बाप एकच. स्वभाव काही प्रमाणात रक्तातून उतरतो. तुम्ही पिल्ले विकता. गिऱ्हाइकाच्या घरीही असेच नर निघाले तर पुढच्या वर्षी तुमच्या दारी कोण येईल? सासूबाई व्यवहार जाणणाऱ्या असतील, तर हे त्यांना पटेल.

नवा नर निवडताना एकच पिल्लू आणू नका. तीन-चार नर कळपातच वाढू द्या, लाड कुणाचेच नकोत. आरवायला लागल्यावर महिना-दोन महिने नुसते बघा. तुम्ही गेल्यावर दोन पावले मागे सरणारा, पण कोंबड्यांना सोडून न पळणारा, तो ठेवा. सगळ्यांत धीट नि देखणा असतो तो हमखास डोळ्यांत भरतो, तिथेच जपा. आठ-दहा कोंबड्यांना एक नर पुरे. नवा नर रात्री अंधारात खुराड्यात सोडावा, म्हणजे सकाळी गोंधळ कमी होतो.

आणि एक. जुना नर काढला तरी त्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे, कधी थोडे जास्तच टिकते. म्हणून नवा नर सोडल्यावर पहिल्या तीन आठवड्यांची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नका. घरात खा, विका. त्यानंतर बसवलेल्या अंड्यांतून एकविसाव्या दिवशी निघतील ती पिल्ले नव्या नराची.

जाता जाता, कोल्हापूरच्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. चार कोंबड्यांना एक नर ठेवल्यामुळे त्यांच्या पाठीची पिसे गेली आहेत. कोंबड्या वाढवा, नाहीतर नर दिवसाआड वेगळा ठेवा. त्याच्या काट्याचे नुसते टोक संध्याकाळनंतर कानशीने बोथट करा. आत जिवंत हाड असते, खोल जाऊ नका. पिसे येईपर्यंत कोंबडीला जुन्या जाड कापडाचे झबले शिवता येते. पाठ झाकेल एवढा वीतभर तुकडा, कडा दुमडून, दोन्ही बाजूंना पंख जातील अशी सैल इलॅस्टिकची कडी. आठवड्यातून एकदा काढून धुवा आणि खाली उवा झाल्या नाहीत ना, ते बघा.