साहेबाला परवाना, आम्हाला गुन्हा



मागच्या बैठकीत एका पोरानं उभं राहून विचारलं, "वनहक्कात आपण जमीन मागितली, हिरडा मागितला, मासे मागितले. मग शिकारीचा हक्क का नाय मागायचा?" म्हातारी माणसं म्हणाली, बराबर हाय, बापजाद्यापासून चालत आलंय. आम्ही दोघं-तिघं गप्प बसलो. तेव्हा गप्प बसलो, म्हणून आज लिहितोय.

आधी शिकार कोणी केली ते बघू. माझा आजा सांगायचा, साहेब लोक शिकारीला आले की गावागावांतून हाकेवाले गोळा करायचे. डबे बडवत, आरडाओरडा करत रान उठवायचं आणि जनावर पुढं काढायचं. साहेब माळ्यावर बसून बार टाकणार. जनावर उलटं फिरलं तर ते हाकेवाल्याच्या अंगावर. नंतर फोटो निघायचा, त्यात साहेब, बंदूक आणि जनावर. हाकेवाला फोटोत कुठंच नाही.

ही शिकार पोटासाठी नव्हती, मौजेसाठी होती. तरी ती कायद्यात बसत होती, कारण साहेबाच्या खिशात परवाना होता. 1951 साली मुंबई राज्यानं वन्य प्राणी आणि पक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यातसुद्धा फी भरून शिकारीचा परवाना मिळत होता. 1972 साली केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. पहिल्या यादीतल्या जनावरांना त्यात पूर्ण संरक्षण मिळालं. पण बाकीच्यांसाठी कलम 9 खाली खास शिकार, मोठी शिकार, छोटी शिकार असे परवाने ठेवलेच होते. ते बंद झाले 1991 च्या दुरुस्तीनं. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावर 44 वर्षं मौजेच्या शिकारीला कायद्यात जागा होती. आणि आपला माणूस? 1927 च्या वन कायद्यातलं कलम 26 बघा. राखीव जंगलात नियम मोडून फासा लावला तर गुन्हा. परवाना काढायला फी पाहिजे, बंदूक पाहिजे, लिहिता-वाचता यायला पाहिजे. आपल्याकडं यातलं काय होतं?

आता आजचं बघू. आमचं बेलापूर अभयारण्याच्या बाहेर आहे. पण मामाचं गाव हरिश्चंद्रगडाच्या बाजूला, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. हे अभयारण्य 1986 साली जाहीर झालं. वन्यजीव कायद्याच्या कलम 31 प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जायचं नाही. बंदूक असती तर समजलो असतो. पण कायद्यातली शस्त्राची व्याख्या वाचा. त्यात धनुष्यबाण आहे, गळ आहे, सुरी आहे, जाळं आहे. माझ्या मामीचा कोयता असाच काढून घेतला. ती सरपणाला गेली होती, सशामागं नाही. पावती दिली नाही, कोयता परत आला नाही. मौजेच्या शिकाऱ्याला अडवायला लिहिलेलं कलम सरपणाच्या मोळीवर येऊन पडलं.

मग शिकारीचा हक्क मागायचा का? 2006 चा वनहक्क कायदा हातात घ्या. कलम 3 मध्ये आपल्या हक्कांची यादी आहे. तिच्या शेवटाकडं लिहिलंय की परंपरेनं चालत आलेले इतर हक्कही मिळतील, पण शिकार करणं, सापळ्यात पकडणं आणि जनावराचा अवयव काढणं सोडून. हे दार कायद्यानं बंद केलंय.

माझं मत सांगतो, कोणाला राग आला तरी चालेल. ते दार उघडा म्हणून आपण भांडू नये. आजा ससा धरायचा तो घरच्या कालवणासाठी. आज काही पोरं घोरपड, डुक्कर मारतात ती गाडीतून येणाऱ्या पाहुण्याला विकायला. पाहुणा खाऊन निघून जातो, केस पोराच्या नावावर. ही पोटाची शिकार नाही. हीसुद्धा साहेबाचीच मौज आहे, फक्त हाकेवाला आता आपल्या घरातला आहे. वाघबारशीला आपण वाघोबापुढं हात जोडतो आणि बाकीचं वर्षभर त्याचं खाणं विकतो, हे बरं नाही.

मागायचा तो अधिकार दुसरा आहे. एका शिबिरात अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याची गोष्ट ऐकली. तिथं मगरीच्या जातीतलाच अ‍ॅलिगेटर असतो. शिकार करून करून तो संपत आला, म्हणून 1962 साली सरकारनं शिकार पूर्ण बंद केली. दहा वर्षांनी, 1972 साली, आधी एकाच भागात परत उघडली. पण कशी? दलदलीची जमीन ज्याची, तिथं जनावर किती ते बघून त्याला मोजके बिल्ले द्यायचे. एक बिल्ला, एक जनावर. जमीन राखली तर जनावर राहणार आणि जनावर राहिलं तर बिल्ला मिळणार. जनावरं वाढली. आपल्याकडं मगर पहिल्या यादीत आहे. कृष्णेत, वाशिष्ठीत ती आजही आहे, आणि तिला मारायला द्या असं मी अजिबात म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की जो रान राखतो त्याच्या हातात काही अधिकार दिला की तो रान जास्त राखतो. एवढा विश्वास सरकार आपल्यावर का टाकत नाही?

खरं तर कायद्यात तो अधिकार लिहिलेला आहे, आपण वापरत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे वन्यप्राणी, जंगल आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. सामूहिक वनात कोणी यायचं, काय करायचं, काय नाही, हे ग्रामसभा ठरवू शकते. नियम 4 प्रमाणे त्यासाठी समिती नेमता येते. अभयारण्यातल्या जमिनीलाही हा कायदा लागू आहे.

म्हणून येत्या ग्रामसभेत चार ठराव घ्या, असं माझं म्हणणं आहे.

एक, आमच्या रानात विकण्यासाठी आणि मौजेसाठी शिकार बंद. बाहेरच्याला बंद तशी आपल्या पोरालाही बंद.

दोन, कोयता, विळा, गळ, जाळं ही कामाची हत्यारं आहेत. ती घेऊन रानात जायची लेखी परवानगी गावानं एकत्र मागायची. कोणी काही जप्त केलं तर जागेवरच पावती मागायची.

तीन, डुकरानं भात, नागली खाल्ली तर ग्रामसभेनं स्वतः पाहणी करून कागद करायचा आणि त्याच दिवशी अर्ज द्यायचा. आमच्या खाचराची पाहणी पीक कापून झाल्यावर झाली होती, मग नुकसान दिसणार कुठून?

चार, वन्यजीव समिती नेमायची आणि तिच्यात बाया निम्म्या पाहिजेत, कारण रानात रोज त्याच जातात.

एक गोष्ट घरोघर सांगा. बिबट्या अंगावर आला आणि जीव वाचवताना तो मेला, तर कलम 11 प्रमाणे तो गुन्हा नाही. पण जनावर सरकारी होतं. कातडं, नख काही ठेवायचं नाही, लगेच कळवायचं. भीतीनं पुरून टाकलं की आपण आपल्याच हातानं गुन्हेगार होतो.

राघोजी भांगरे आपल्याच अकोले तालुक्यातले. त्यांनी बंदुकीला बंदुकीनं उत्तर दिलं, 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. आज आपलं हत्यार ठरावाचा कागद आहे, आणि तो वापरायला कोणाचा परवाना लागत नाही.

जोहार!

एक कार्यकर्ता, बेलापूर (ता. अकोले)