अंदाज उत्तरेचा, रात्र आपल्या वाडीची

नोव्हेंबर सरता सरता भारतीय हवामान विभागाचा डिसेंबर ते फेब्रुवारीचा अंदाज येतो. बातम्यांत मथळे असतात पंजाब, हरियाणा, दिल्लीचे: दाट धुकं, थंडीच्या लाटेचे वाढीव दिवस. वसईतल्या आगाशी, निर्मळ, अर्नाळ्याचा वाडीवाला ते वाचून पान उलटतो. ‘आपल्याला काय त्याचं?’ हे चुकतंच. पण त्याच मथळ्यावर विसंबून मोगऱ्याची छाटणी ठरवणाराही चुकतो.

आपली थंडी इथे तयार होत नाही, ती उत्तरेकडून येते. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी झंझावात काश्मीर-हिमाचलात बर्फ टाकून पुढे सरकला, की त्याच्यामागून कोरडा वारा राजस्थान-गुजरातवरून उत्तर कोकणात उतरतो. मग दोन-तीन पहाटे गारठा पडतो. वारा पूर्वेकडून आला, की थंडी मोडते. दुपारचा खारा वारा उशिरा सुटला, तर जानेवारीतही ऊन भाजतं. उत्तरेच्या मैदानांचा अंदाज म्हणजे आपल्या थंडीच्या उगमाचा साठा. त्यातलं किती आपल्यापर्यंत पोहोचणार, हे वारा ठरवतो आणि वाऱ्याचा अंदाज तीन महिने आधी कोणी देत नाही.

हंगामी अंदाज वाचायचा कसा? त्यात तीन खण असतात: सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतकं, सरासरीपेक्षा कमी. काहीच कळलं नसतं, तर प्रत्येक खणात 33 टक्के पडले असते. ‘किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता 60 टक्के’ याचा अर्थ असे दहा हिवाळे आले तर चार वेळा वेगळंच घडेल. शिवाय ही तीन महिन्यांची सरासरी आहे. उबदार हिवाळ्यातही चार कडक पहाटा मावतात आणि नुकसान त्या चार पहाटाच करतात.

इथे निकषाचीही मेख आहे. किनाऱ्यावर थंडीची लाट जाहीर होण्यासाठी किमान तापमान 15 अंश किंवा त्याखाली हवं, शिवाय सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरलेलं हवं. हा निकष माणसाच्या सोसण्यावरून ठरलेला आहे. केळीला तो ठाऊक नाही. पारा 16 च्या खाली सातत्याने राहिला, की नवं पान निघण्याचा वेग मंदावतो. मोगऱ्याच्या कळ्या आटतात, दादरच्या बाजारात भाव चढतो आणि नेमका तेव्हाच आपला हारा रिकामा असतो. इशारा न येताच झालेलं हे नुकसान कुठल्याच नोंदीत दिसत नाही.

दुसऱ्या टोकालाही धोका आहे. देशाच्या नोंदींत फेब्रुवारी 2023 विक्रमी उष्ण ठरला आणि फेब्रुवारी 2025 ने सरासरी तापमानात पुन्हा उच्चांक गाठला. त्या वर्षी फेब्रुवारीतच कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला. पावसाचं तर सरासरीशी काही नातंच नाही. हिवाळ्यातला आपला सरासरी पाऊस जवळजवळ शून्य. तरीही डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळाने आणि डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला अवकाळीने झोडपलंच. उन्हात घातलेली सुकेळी आणि वलांडीवरचे बोंबील अशा एका दिवसात हातचे जातात.

म्हणून आमचं सांगणं असं: हंगामी अंदाजावरून तारीख ठरवू नका, पैसा कुठे राखून ठेवायचा ते ठरवा. उबदार हिवाळ्याकडे कल असेल, तर फेब्रुवारीच्या पाण्याची बेगमी आधी करा; बावखल आणि विहिरीची पातळी डिसेंबरातच बघा. थंडीकडे कल असेल, तर आच्छादनाची सोय करून ठेवा. त्यानंतर दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज पाहा आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी हवामान सल्ला वाचून फवारणी व छाटणीचा दिवस धरा. कडक पहाट येणार असं दिसलं, तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं आणि ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते.

एक उणीव मात्र सल्ला वाचून भरत नाही. वेधशाळा आहेत सांताक्रूझला आणि डहाणूला. एकीकडे काँक्रीट, दुसरीकडे मोकळा किनारा. नारळी-केळीच्या सावलीतली आपली वाडी दोन्हींसारखी नाही. त्यात देशभरातली 199 जिल्हा कृषी हवामान केंद्रं 2024 मध्ये बंद झाली. तालुक्याच्या पातळीवरचा सल्ला ज्यांच्या जोरावर निघत होता, ती माणसंच उठवली गेली. ही केंद्रं पुन्हा सुरू व्हावीत, ही मागणी बागायतदारांच्या संस्थांनी लावून धरली पाहिजे.

तोवर किमान तापमापक वाडीत लावा. सावलीत, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर. रोज सकाळचा आकडा वहीत लिहा, शेजारी वारा कुठला तेही लिहा आणि त्या दिवशी किती फुलं निघाली तेही. वसईच्या वाडीत कितव्या अंशाला मोगरा थांबतो, हे दिल्लीतून कोणी सांगणार नाही. ते तीन हिवाळ्यांनंतर आपल्याच वहीत सापडेल.