बंध तुटला की ऊर्जा मिळते?

जीवशास्त्राच्या तासाला तुम्ही वहीत लिहिता, ‘एटीपीमधील फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते.’ पुढच्या तासाला रसायनशास्त्राच्या वहीत लिहिता, ‘बंध तोडण्यास ऊर्जा द्यावी लागते.’ परीक्षेत दोन्ही वाक्यांना गुण मिळतात, म्हणून कोणी तक्रार करीत नाही. मी भौतिकी शिकवतो आणि माझी तक्रार आहे. पहिले वाक्य दिशाभूल करणारे आहे; ते या स्वरूपात शिकवणे थांबवावे, असे माझे मत आहे.

उदाहरणासाठी मोहरीचा दाणा घेऊ. मोहरी, तीळ, एरंड यांच्या बियांत रोपाची शिदोरी तेलाच्या रूपात असते. हिरवी पाने कामाला लागेपर्यंत अंकुराला तिच्यावरच गुजराण करायची असते. तेलातील मेदाम्लांच्या लांब साखळ्यांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात आणि त्यांपासून साखर बनते. एरंडाच्या बियांत ही वाट हॅन्स कॉर्नबर्ग आणि हॅरी बीव्हर्स यांनी १९५७ साली दाखवून दिली.

दोन कार्बनचे मेदाम्ल म्हणजे तुमच्या ओळखीचे अ‍ॅसेटिक आम्ल. व्हिनेगर आंबट लागते ते त्याच्यामुळे. ते मोकळे असेल तर या वाटेवर चालत नाही, कारण ते सहजासहजी कशाशी जोडले जात नाही. आधी त्याला को-एंझाइम ए नावाच्या मोठ्या रेणूशी बांधावे लागते. यालाच ‘सक्रिय करणे’ म्हणतात, आणि त्यासाठी बियांत खास विकरे असतात.

विकर हे कसे साधते पाहा. एटीपीत तीन फॉस्फेट असतात. त्यांपैकी दोन जोडीने सुटतात आणि उरलेला भाग अ‍ॅसेटेटला चिकटतो. मग को-एंझाइम ए येते, त्या भागाला बाजूला सारते आणि त्याची जागा घेते. सुटलेली फॉस्फेटची जोडीही दुसरे एक विकर पाण्याच्या साहाय्याने फोडून टाकते, त्यामुळे गाडी उलट फिरत नाही. ही दोन पायऱ्यांची रीत पॉल बर्ग यांनी १९५६ साली यीस्टमधील विकरावर काम करून उलगडली.

आता सांगा, यात ऊर्जा ‘बाहेर पडून’ विकराच्या हाती कोठे आली? नुसती उष्णता बाहेर पडली असती तर ती वायाच गेली असती! चिकटलेले दोन लोहचुंबक ओढून वेगळे करा. जोर तुम्हालाच लावावा लागतो. रेणूंतही तसेच. प्रत्येक पायरीवर जुना बंध तुटताना ऊर्जा खर्च झाली, नवा जुळताना मिळाली. पाण्याच्या रेणूंशी जुळलेले बंधही हिशेबात धरायचे. शेवटी जमेची बाजू जड ठरली, एवढेच.

हे विकर खरोखरच कामाचे आहे याचा पुरावा मोहरीच्याच कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत मिळाला. फ्लुओरोअ‍ॅसेटेट हे अ‍ॅसेटेटसारखेच दिसणारे विष. विकर फसते, त्यालाही सक्रिय करते, आणि अंकुराचा घात होतो. ज्या रोपांत हे विकर निकामी होते ती मात्र या विषाला पुरून उरली! पुढे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून या विकराचे नेहमीचे कामही कळले. तेलाचे तुकडे पडताना जे अ‍ॅसेटेट मोकळे होते, ते पेशीतील त्या कप्प्यातून गळून जाण्याआधी हे विकर पुन्हा पकडते. पकडण्याची किंमत एटीपी. शिदोरी मोजकी असताना अंकुर हा खर्च करतो!

शिक्षकांना माझी विनंती आहे की, फळ्यावर पुढील वाक्य लिहावे : ‘जुने बंध तुटताना ऊर्जा लागते, नवे जुळताना मिळते; एटीपीच्या व्यवहारात मिळणारी अधिक असते.’ जुन्या वाक्यापेक्षा हे जेमतेम एक ओळ लांब आहे.