पगार तुमचा, पण कर कुणाच्या नावावर?

पूर्णगडहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. यजमान डॉक्टर, दवाखाना चांगला चालतो. सकाळी घरचं आवरलं की बाई दवाखान्यात. केसपेपर काढायचे, पेशंटना नंबरानं आत सोडायचं, औषधांचा साठा बघायचा, रात्री गल्ला मोजून वही लिहायची. बारा वर्षं हे चाललंय. आता मुंबईच्या दिरांनी सुचवलं, "दवाखान्याची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करा. वहिनींना डायरेक्टर करा, पगार लावा. कर वाचेल." कागद तयार होऊन आले आहेत. ताई विचारतात, "सही करू का? आणि तो पगार खरंच माझा होईल का?"

मैत्रिणींनो, असे प्रश्न अनेक घरांत असतील, म्हणून उत्तर इथंच देते.

आधी कंपनीचं बघू. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीनं वेगळी व्यक्ती. तिला सवलतीचा दर घेतला तरी अधिभार आणि उपकर धरून २५ टक्क्यांच्या किंचित वर कर बसतो, आणि तोही पहिल्या रुपयापासून. समजा, दवाखान्याचं निव्वळ उत्पन्न १५ लाख आहे. २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करपद्धतीत डॉक्टरांनी स्वतःच्या नावावर ते दाखवलं, तर कर होतो १ लाख ९ हजार २०० रुपये. तेच १५ लाख कंपनीचा नफा म्हणून ठेवले, तर साधारण ३ लाख ७७ हजार. उरलेला पैसा लाभांश म्हणून घरी आणला, की १ एप्रिल २०२० पासून तो घेणाऱ्याच्या उत्पन्नातही धरला जातो. म्हणजे एकाच पैशावर दोनदा कर.

"मग डॉक्टरांनीच सगळा पैसा पगार म्हणून काढावा," असं कुणी म्हणेल. काढता येईल. पगारदाराला मिळणारी ७५ हजारांची वजावट तेवढी पदरात पडेल. पण कंपनी म्हटली की दरवर्षी ऑडिट, सरकारदरबारी विवरणपत्रं आणि त्यांची फी आलीच. चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला!

उलट एकट्या डॉक्टरांना एक सोय आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत), तर निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवून मोकळं होता येतं. मग पगार, भाडं असा खर्च मात्र वेगळा वजा मिळत नाही. ही सोय कंपनीला नाही.

आता ताईंच्या पगाराकडे येऊ. ज्या व्यवसायात नवऱ्याचा (एकट्याचा किंवा नातेवाइकांसह) २० टक्के किंवा अधिक वाटा आहे, तिथून बायकोला मिळणारा पगार करासाठी नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. दवाखाना एकट्याचा असो, भागीदारी असो की कंपनी, नियम तोच. बाई डॉक्टर आणि नवरा हिशेबाला असेल तरीही तोच. १९६१ च्या कायद्यातला हा नियम २०२५ च्या नव्या कायद्यातही आला आहे.

त्याला अपवाद एकच. पत्नीकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता हवी, आणि पगार केवळ त्या ज्ञानाचा आणि अनुभवाचा हवा. पात्रता म्हणजे पदवीचा कागदच का, यावर कोर्टात वाद झाले. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं १९८५ साली म्हटलं की प्रमाणपत्र असलंच पाहिजे असं नाही. पण मुंबई उच्च न्यायालयापुढे १९९४ साली डॉ. मोकाशी यांचं प्रकरण आलं. पत्नी त्यांच्याच दवाखान्यात स्वागतिका आणि हिशेबनीस होत्या. त्यांचा पगार डॉक्टरांच्याच उत्पन्नात धरला गेला. ताई, तुमचं काम त्यांच्यासारखंच आहे. बारा वर्षांच्या कष्टांना कायदा पात्रता म्हणेलच, असा भरवसा मी देऊ शकत नाही. मलाही हे बोचतं.

पण निराश होऊ नका. नियम फक्त कर कुणी भरायचा ते सांगतो. पैसा तुमचाच. म्हणून तो तुमच्या नावाच्या खात्यात चेकनं घ्या. त्यातून शिल्लक टाकलीत, तर तिच्यावरचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. वर्षाकाठी थेंबे थेंबे तळं साचतं, आणि ते तुमचं स्वतःचं असतं.

फार्मसी, नर्सिंग किंवा लॅबोरेटरीचं शिक्षण झालेल्या मैत्रिणींनी मात्र हक्क सोडू नये. नेमणुकीचं पत्र घ्या, त्यात काम नेमकं लिहा, पगार कामाला साजेसा ठेवा, हजेरी आणि कागद जपा. कंपनी काढलीच, तर शेअर माहेरहून मिळालेल्या किंवा स्वतःच्या पैशातून घ्या. नवऱ्यानं दिलेल्या पैशातून घेतलेत, तर लाभांशही करासाठी त्यांच्याच नावावर जातो.

राहिला सहीचा प्रश्न. डायरेक्टरपद म्हणजे नुसती नावाची पाटी नाही. खासगी कंपनीचा थकलेला कर कंपनीकडून वसूल झाला नाही, तर तो डायरेक्टरकडून मागता येतो, आणि आपण हलगर्जीपणा केला नव्हता हे आपणच पटवून द्यावं लागतं. म्हणून ताई, एवढ्या उत्पन्नासाठी तरी माझा सल्ला, सही करू नका. दिरांचा राग येऊ नये म्हणून तर मुळीच नको. चार्टर्ड अकाउंटंटकडे दोघं मिळून जा, आणि रात्रीची ती वही बरोबर न्या. ती तुम्हीच लिहिली आहे. तिच्यातला आकडा न् आकडा तुमच्याइतका कुणाला ठाऊक आहे?