जोडेत्तु आणि दुसरे कार्ड

मराठीत बैलजोडी, कन्नडात जोडेत्तु. दोन बैल म्हणजे जास्त ओढ. म्हणून गेमवेडा मुलगा आपल्या जीटीएक्स १०८० ग्राफिक्स कार्डाला जोड म्हणून तसेच जुने कार्ड मागतो, तेव्हा आईवडिलांना हिशेब पटतो.

पण प्रत्येकी ८ जीबीची दोन कार्डे जोडली, तरी गेमला ८ जीबीच मिळतात. दोन्हींत तीच माहिती भरावी लागते. साध्या कार्डाला १८० वॅट, कारखान्यातच वेग वाढवलेल्याला त्याहून जास्त. त्यात कलबुर्गीचा मे महिना!

शिवाय या कार्डांसाठी नव्या गेमची एसएलआय प्रोफाइल देणे एनव्हिडियाने २०२१ पासून थांबवले. बहुतेक नव्या गेममध्ये दुसरा बैल गोठ्यातच बसतो. पालकहो, पैसे साठवा आणि एकच दमदार कार्ड घ्या.