लॉगिनच्या उंबऱ्यावर मराठी का अडते?

गेल्या उन्हाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या एका अभ्यासिकेत दानात आलेले चार जुने संगणक मांडले. विंडोज विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून लिनक्स टाकले. आठवडाभरात एक मुलगी तक्रार घेऊन आली. लिपिक-टंकलेखकाच्या परीक्षेसाठी मिनिटाला ३० शब्दांचे मराठी टायपिंग करायचे म्हणून तिने मराठी कीबोर्ड लावला होता. पासवर्डही मराठीतच ठेवला. दुसऱ्या दिवशी संगणक तिला आत घेईना. लॉगिनच्या पडद्यावर इंग्रजीच उमटत होते. आमच्याच एका कार्यकर्त्याने निकाल दिला, "पासवर्ड इंग्रजीत ठेवायचा. विषय संपला."

आमचा आक्षेप या 'विषय संपला'वर आहे.

आधी यंत्राची बाजू. आपण आत जाऊन निवडलेला कीबोर्ड आपल्या खात्यात नोंदला जातो. लॉगिनचा पडदा आपण आत जाण्याआधीच चालू असतो, तोही वेगळ्या खात्यावर. त्याला आपली निवड दिसत नाही. तो वाचतो सगळ्या यंत्राचे मिळून असलेले सेटिंग, आणि ते ज्याने इन्स्टॉल केले त्याने ठरवलेले असते. म्हणजे घरात काहीही बोला, उंबऱ्यावर कोणती भाषा चालेल हे पहिल्या दिवशी चावी हातात असलेला ठरवतो. ही व्यवस्था आपल्याला चांगली ओळखीची आहे. (आमच्या अभ्यासिकेत 'पुढे, पुढे' दाबत अमेरिकन इंग्रजी ठेवून देणारे आम्हीच होतो, हेही कबूल करतो.) फरक इतकाच की इथला नियम एका फाइलीत लिहिलेला आहे आणि ती बदलायचा अधिकार आपल्याकडे आहे.

डेबियन, उबुंटू, मिंट या घराण्यात ही फाइल 'ईटीसी' फोल्डरात, त्यातल्या 'डीफॉल्ट'मध्ये 'कीबोर्ड' नावाने असते. तिच्यात लेआउटच्या ओळीत 'यूएस' असते. त्यापुढे स्वल्पविराम देऊन 'आयएन' लिहायचे, व्हेरिअंटची ओळ रिकामी ठेवायची आणि ऑप्शन्समध्ये आल्ट-शिफ्टने अदलाबदल होईल अशी नोंद करायची. संगणक पुन्हा सुरू करायचा. 'आयएन' म्हणजे देवनागरी इनस्क्रिप्ट. त्यात ळ आहे, ऱ आहे. मराठीला काही उसने घ्यावे लागत नाही.

आता आपल्यातलेच काही जण म्हणतील, इंग्रजीने आपल्याला दारे उघडून दिली, मग मराठी कीबोर्डचे कौतुक कशाला? इंग्रजीचे ऋण आम्ही नाकारत नाही. पण मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे मूळ असलेल्या बाबासाहेबांनी प्रबंध इंग्रजीत लिहिले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो मराठीत. कोणाशी बोलायचे आहे ते पाहून भाषा निवडली. त्या फाइलीत 'यूएस' पुसा असे आम्ही म्हणतच नाही, शेजारी 'आयएन' लिहा म्हणतो.

आणि ज्यांनी अभिजात दर्जाचे पेढे वाटले त्यांनाही विचारायचे आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने दर्जा दिला, भाषणे झाली. राजभाषा अधिनियम तर १९६४ चा. तरी गावातल्या मुलीला आपल्या भाषेत संगणकाचे दार उघडता येत नाही आणि याची कोणाला खंतही नाही. केरळने शाळांमधले संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर आणले, मल्याळमसकट. महाराष्ट्राला कोणी अडवले होते?

उत्साहात घात होऊ नये म्हणून दोन गोष्टी सांगतो. यंत्र सांभाळणाऱ्या खात्याचा पासवर्ड इंग्रजी अक्षरांतच ठेवा. पडदा बिघडला तर काळ्या टर्मिनलवरून आत जावे लागते, तिथे देवनागरी चालत नाही. दुसरे, पासवर्डात 'ऱ्य', 'ऱ्ह' टाळा. हे अक्षर दोन प्रकारे टाइप होते, दिसते एकसारखे, पण यंत्राला ते वेगळे. ठिपक्यांआड ते कळणारही नाही.

खात्याचे तांत्रिक नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवावे लागते, पण 'पूर्ण नाव' देवनागरीत लिहिता येते आणि लॉगिनच्या यादीत तेच दिसते. आमच्या अभ्यासिकेत मुलांनी ते स्वतः लिहिले. ज्यांचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्यात एक आणि आधारवर दुसरे आहे, त्यांची नावेही त्या पडद्यावर बिनचूक आली. त्या मुलीने पासवर्ड बदलला नाही.

इनस्क्रिप्ट शिकायला सुरुवात कुठून करायची असे विचारतात. इंग्रजी पी, मग प्रश्नचिन्हाखालची तिरकी रेघ, मग स्पेस. नंतर शिफ्ट धरून वाय, मग आर, मग सी. बघा काय उमटते. जय भीम!